आयत्या वेळचे विषय

आमच्याकडे पदाधिकाऱ्यांची निवडणूक सभेत होत नाही, सभेच्या आदल्या रात्री होते. सभेत ती फक्त वाचून दाखवतात. अमुक यांचे नाव तमुक यांनी सुचवले, ढमुक यांनी अनुमोदन दिले, दुसरे नाव न आल्याने बिनविरोध निवड जाहीर. टाळ्या. मग चहा.

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. थोरलं ते ग्रामस्थ मंडळ, आणि थोरल्यांशी भांडून निघालेलं ते तरुण मंडळ. आमची वाडी तळीयेच्या अंगाला, त्याच डोंगराच्या कुशीत. आमचं तरुण मंडळ स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत निघालं. भांडण कशावरून झालं याच्या तीन गोष्टी मी ऐकल्या आहेत. आजोबा म्हणत शाळेवरून, चुलत आजोबा म्हणत शिमग्याच्या पालखीच्या मानावरून, आणि आजी म्हणायची, "कसलं काय, वर्गनीचं पैसं कुनाच्या ट्रंकंत ऱ्हायाचं त्यावरनं." माझा कल आजीकडे आहे. तेव्हा जे तरुण होते ते पुढे खुर्चीवरून हललेच नाहीत, त्यामुळे माझ्या लहानपणी तरुण मंडळाचे अध्यक्ष साठी ओलांडलेले होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मंडळाची सभा गिरणगावात, वाडीच्या खोलीत भरे. दहा बाय बाराची खोली. पाळ्यांप्रमाणे माणसं झोपत, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा होई. सभेच्या दिवशी वळकट्या कोपऱ्यात रचत आणि मधे सतरंजी टाकत. सभा दहाची. दहा वाजता चौघं. मग सेक्रेटरी घड्याळाकडे बघून म्हणे, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच जागी भरेल, तीस गणपूर्तीची अट राहणार नाही." चौघेही तिथेच बसून राहत. अर्ध्या तासाने तेच चौघे कायदेशीर सभा होत. घटना लिहिणाऱ्याला आपली माणसं बरोबर ठाऊक होती.

इतिवृत्ताची वही मी पाहिलेली आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, हिशेबनीस वापरतात तशी. पहिल्या काही वर्षांची पानं निळ्याजांभळ्या शाईत, अक्षर मराठी शाळेत घोटलेलं, ठळक. हजेरीच्या रकान्यात सह्यांपेक्षा अंगठे जास्त, आणि प्रत्येक अंगठ्याखाली सेक्रेटरीने बारीक अक्षरात नाव लिहिलेलं. एका पानावर ठराव आहे की मंडळ सर्व प्रकारच्या राजकारणापासून अलिप्त राहील. लगेच खालचा ठराव संयुक्त महाराष्ट्र समितीला अकरा रुपये देण्याचा. दोन्हींना सूचक एकच.

खरी चुरस अध्यक्षपदाची नसे. अध्यक्ष म्हणजे हार घालून घेणारा. सेक्रेटरी ज्याचं अक्षर चांगलं तो. झटापट व्हायची ती खजिनदारासाठी. त्याच्या घरी पत्र्याची ट्रंक ठेवायला जागा हवी, म्हणजे त्याची स्वतःची खोली हवी. त्यात वर्गणी, वह्या, भजनाचे टाळ. तो दारू पिणारा नको. बायको खमकी हवी, कारण शनिवारी पगार उडवून आलेला गाववाला "मंडळातनं पाच रुपये उसने दे" म्हणून दारात उभा राहिला, तर नाही म्हणायचं काम तिच्याच वाट्याला येई. असा माणूस भावकीत एखादाच निघे. आदल्या रात्री खल चाले तो त्याच्यावर. वाडीतल्या चार घराण्यांत पदं कशी फिरवायची, गेल्या शिमग्यात कोण रुसलं होतं, कुणाच्या पोराचं लग्न कुणाच्या मुलीशी ठरण्याच्या बेतात आहे, सगळं जमेला धरलं जाई. लोकशाही शिकवणाऱ्या पुस्तकांत या रात्रीला जागा नाही. मला मात्र ती रात्र नुसती लबाडीची वाटत नाही. सकाळी मतदान घेतलं असतं तर हरलेलं घराणं मंडळ सोडून गेलं असतं, आणि मंडळ सोडणं म्हणजे मयतीला खांदा देणारे कमी होणं.

पण विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ असे, जी आदल्या रात्री कुणाच्या हातात नसे. "आयत्या वेळी अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय." आजोबा सभेला जात ते त्या ओळीसाठी. "बाकीचं काय, ठरल्यालंच आसतंय," म्हणत. या ओळीची एक गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांना वाडीत कुणी सांगितली नव्हती. आमच्या वाडीत ती कुणी सांगत नसे. ती त्यांना गिरणीत मिळाली.

आजोबा रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कांडीचं सूत तोंडाने ओढून धोट्यात घालावं लागे, आणि विटाळाची भीती त्या सुतापर्यंत पोचलेली होती. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. रिंगखात्यात मात्र सगळे एकत्र. तिथे आजोबांच्या शेजारी खाडीपट्ट्यातले, दासगावकडचे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. ते आजोबांपेक्षा वयाने मोठे, आणि 1927 च्या मार्चमध्ये बापाचं बोट धरून महाडला गेलेले.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, 19 आणि 20 मार्च 1927. ती भरवावी म्हणून आधीची काही वर्षं खटपट करत होते ते महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे. परिषद भरली तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. म्हणजे तरुणांचीच संघटना, आणि तीही कागदावर वय वाढवत बसलेली नव्हे. ज्या तळ्यावरून सगळं झालं ते चवदार तळं महाड नगरपालिकेने 1924 मध्येच ठराव करून सर्वांना खुलं केलेलं होतं. त्याआधी 1923 मध्ये सी. के. बोले यांचा तशाच अर्थाचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला होता. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना, परिषदेच्या बाजूचे. ठराव होते, सूचक होते, अनुमोदक होते, सगळं इतिवृत्तात होतं. तळ्याला हात मात्र कुणी लावला नव्हता. परिषदेला आलेल्या माणसांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. आण्णा सांगत की त्यांना लहान वयात कळलेली पहिली मोठी रक्कम ती. "चाळीस रुपयात म्हस येयाची तवा," म्हणत. म्हशीच्या भावाचं मला माहीत नाही, आण्णांच्या रागाचं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ठराव संपले. आभार मानायची वेळ आली आणि अनंतराव चित्रे उभे राहिले. आभाराच्या भाषणात माणूस स्वागत समितीचं, मंडपवाल्याचं नाव घेतो. चित्र्यांनी म्हटलं की एवढी परिषद भरली, तर आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊन पाणी पिऊन यावं. आणि परिषद उठली. चौघा-चौघांच्या रांगेने बाजारातून निघाली. डॉ. आंबेडकर पुढे होते. त्यांनी तळ्यात उतरून ओंजळीने पाणी घेतलं आणि मागोमाग बाकीच्यांनी. नंतर गावात आवई उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जेवायला बसलेल्या, परतीला लागलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव धावून गेला. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आण्णांच्या बापाला तिथे मार बसला. कुठे, ते आण्णा खांदा उघडा करून दाखवल्यासारखे स्वतःच्याच अंगावर दाखवत.

आजोबांना या गोष्टीत भावायचं ते निराळंच. "आभाराच्या टायमाला उठला गडी, बग," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. विषयपत्रिकेवर नसलेला विषय, आणि इतिहास त्याचाच झाला. आता लिहिणारे असंही म्हणतात की चित्र्यांना ते आयत्या वेळी सुचलं नव्हतं. आदल्या रात्रीच्या बैठकीत त्यावर बोलणं झालेलं होतं. यावर अभ्यासकांत एकमत नाही. झालं असेल, तर मला नवल वाटत नाही. रात्र कुणाला चुकली आहे! फरक एवढाच की ती रात्र पदं वाटून घेण्यात गेली नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरची परिषद तर सभाशास्त्राच्या दृष्टीने त्याहून बघण्यासारखी. जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. 25 तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायचं की नाही यावर मंडपात खुली चर्चा झाली, कारण विरोधकांनी कोर्टातून मनाईहुकूम आणलेला होता. माणसं तुरुंगात जायला तयार होती, तशी त्यांची नावंही लिहून घेतली गेली. आणि मग डॉ. आंबेडकरांनीच सत्याग्रह तहकूब करायचा विचार मांडला, तो भरल्या मंडपाला पटवून दिला. हात वर करून मिळालेला कौल फिरवायला पुन्हा त्याच हातांपुढे यावं लागतं, हे त्या सभेत पाळलं गेलं. निकाल हायकोर्टातून लागला तो 1937 च्या मार्चमध्ये, तळं खुलं असल्याचा. आमच्या मंडळात चहा साखरेचा की गुळाचा याचा ठरावसुद्धा पुढच्या सभेत कुणाला न विचारता फिरवलेला मी बघितला आहे.

चुलत आजोबांकडे वेगळी पोतडी. ते मुंबईत राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जात. सेवा दल 1941 मध्ये पुण्यात नव्याने उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख. शिट्टी, कवायत, समूहगीतं, बौद्धिक. जातीवरून कुणी वेगळं बसायचं नाही, हा शाखेचा दंडक चुलत आजोबांनी वाडीत आणायचा प्रयत्न केला आणि गणपतीत त्यांना पंगतीतून उठवलं गेलं, अशी वदंता आहे. ते स्वतः यावर काही बोलत नसत. बोलत ते बेचाळीसवर. 10 सप्टेंबर 1942 ला नाना पुरोहितांच्या पुढारीपणाखाली महाडवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तरुण मारले गेले. चुलत आजोबा तिथे होते की नव्हते याचा उलगडा घरात अजून झालेला नाही. आजी म्हणायची, त्या दिवशी ते नाचणीच्या शेतात होते. पुढे आमच्या तरुण मंडळाची घटना त्यांनीच लिहिली आणि ती ओळ, आयत्या वेळच्या विषयांची, त्यांनीच घातली, एवढं वहीवरून नक्की सांगता येतं.

मग 19 जून 1966 ला शिवसेना निघाली आणि वाडीची पोरं तिकडे वळली. आमचे बाबाही. तेव्हा ते विशीत होते. शाखेत काम होतं, वट होती, नळाला पाणी आलं नाही तर बोलायला जागा होती. शाखाप्रमुख, गटप्रमुख ही पदं वरून येत. "निवडणूक कसली? सायबांनी सांगितलं, झालं," असं बाबा अभिमानाने म्हणत, आणि आजोबांना ते सहन होत नसे. बापलेकांची त्यावर भांडणं होत. आजोबा विचारत, तुमच्या शाखेत शेवटी कुणी उठून बोलतो का? बाबा म्हणत, बोलायचं कशाला, कामं होतायत ना? दोघांचंही खरं होतं. शाखेने कामं केली हे गिरणगावातला कोणीही सांगेल. पण तरुण मंडळाच्या वहीत त्या वर्षांपासून एक बदल दिसतो. आयत्या वेळचे विषय या मथळ्याखाली "काही नाही" असं लिहिलेलं येतं. वर्षामागून वर्षं, काही नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वाडीची निम्मी माणसं पुढे गावाला परतली, खोली विकावी की ठेवावी हा केवढा मोठा प्रश्न उभा होता, आणि वहीत, काही नाही.

दुसऱ्या बाजूने युवक काँग्रेसने मतदानाचा घाट घातला. राहुल गांधींनी 2007 नंतर सदस्यनोंदणी करून पदाधिकारी मतांनी निवडायची पद्धत आणली. देखरेखीला माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची संस्था. महाराष्ट्रात या मार्गाने विश्वजीत कदम प्रदेशाध्यक्ष झाले, 2018 मध्ये सत्यजीत तांबे, 2022 मध्ये कुणाल राऊत. एक पतंगराव कदमांचे चिरंजीव, दुसरे बाळासाहेब थोरातांचे भाचे, तिसरे नितीन राऊतांचे चिरंजीव. माणसं कर्तबगार असतील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मतपेटीत एवढा खटाटोप करून जे निघालं ते आमच्या चुलत्यांनी आदल्या रात्री चहावर सांगितलं असतं.

या सगळ्याचा हिशेब पुढे महाडच्याच नावावर चुकता झाला. 2022 मध्ये शिवसेना फुटली. महाडचे आमदार भरत गोगावले शिंदे गटाचे प्रतोद. त्यांची नेमणूक खरी की खोटी, हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि 11 मे 2023 ला घटनापीठाने सांगितलं की विधानसभा अध्यक्षांनी गोगावल्यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा होती, कारण प्रतोद नेमायचा तो पक्षाने, विधिमंडळ गटाने नव्हे. मग पक्ष कोण? त्याआधी फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देताना पक्षातल्या नेमणुकांच्या पद्धतीवर ताशेरे ओढले होते. आणि 10 जानेवारी 2024 ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला तो पक्षाच्या 1999 च्या घटनेवर उभा राहून. 2018 ची दुरुस्त घटना आयोगाच्या दप्तरी नाही, म्हणून ती धरता येत नाही. ठाकरे गटाने हे मान्य केलं नाही. गोगावल्यांचं प्रतोदपद त्या निकालात वैध ठरलं.

हा निकाल आम्ही वाडीत, काकांच्या पडवीत टीव्हीवर ऐकला. काका तरुण मंडळाचे जुने सेक्रेटरी. ते ऐकत होते आणि गालातल्या गालात हसत होते. आमचं मंडळ नोंदणीकृत. नोंदणीकृत संस्थेचे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कलम 22 खाली धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. वरळीला हेलपाटे, वकिलाची फी, जुन्या विश्वस्तांच्या संमत्या, त्यांतले दोघे वारलेले. कोण करतो? त्यामुळे सरकारदरबारी आमचे अध्यक्ष अजून 1987 सालचेच आहेत आणि ते कधीच देवाघरी गेले. काका म्हणाले, "चेंज रिपोर्ट नाय टाकला की आसं हुतंय." एवढ्या मोठ्या खटल्यावर इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या अग्रलेखात वाचलेलं नाही.

ही थट्टा करायची आमची हिंमत व्हायला मधे काही वर्षं जावी लागली होती. 22 जुलै 2021 ला तळीयेच्या कोंडाळकर वाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. सावित्रीचा पूर महाडात, रस्ते तुटलेले, फोन लागत नव्हते. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी आल्या. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे झालं होतं तेच पुन्हा. आमच्या वाडीला काही झालं नाही, पण सोयरीक सगळी तिकडची. मुंबईतल्या मंडळांची पोरं टेम्पो करून निघाली आणि वाटेत अडकली. कुणी कुणाला नेमलं नव्हतं. ठराव नव्हता. नंतर जमलेल्या पैशांच्या पावत्या मात्र तीन वेगवेगळ्या नावांनी फाडल्या गेल्या होत्या.

त्यानंतर भरलेल्या पहिल्या वार्षिक सभेत पहिला विषय श्रद्धांजलीचा होता. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं. पुढची कार्यकारिणी आदल्या रात्री ठरलेलीच होती. मग शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत, मागच्या रांगेतून वाडीची एक सून उभी राहिली. तिचं माहेर तळीयेकडचं. आमच्या सभेत बायका चहापुरत्या येत. ती म्हणाली, "दरडीच्या नावानं जमलेल्या पैशाचा हिशोब वाचा. तिन्ही पावतीपुस्तकांचा." अध्यक्ष म्हणाले, सूचना आठ दिवस आधी लेखी द्यावी लागते. काका म्हणाले, आयत्या वेळच्या विषयाला लागत नाही, घटना बघा. घटना ट्रंकेत होती, ट्रंक खजिनदाराच्या घरी. कुणीतरी जाऊन आणली. चुलत आजोबांचं अक्षर वाचायला कुणाला येईना, शेवटी काकांनीच वाचलं. हिशेब संध्याकाळपर्यंत चालला. मोठी अफरातफर काही निघाली नाही. एका टेम्पोचं भाडं दोनदा लागलेलं निघालं, आणि दोन हजारांवर वाद राहिला. पण वहीत त्या मथळ्याखाली कित्येक वर्षांनी दीड पान भरलं.

पुढच्या वर्षी आदल्या रात्री दोन्ही शिवसेनांची पोरं समोरासमोर बसली होती. अध्यक्ष यांचा की त्यांचा, यावर रात्र सरली आणि शेवटी निम्मं-निम्मं वर्ष वाटून घेतलं. खजिनदारावर कुणाचंच एकमत होईना, तेव्हा काकांनी त्या सुनेचं नाव घेतलं आणि वादाला कंटाळलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी सभेत नाव वाचलं, सूचक झाले, अनुमोदक झाले, बिनविरोध म्हणायला अध्यक्षांनी तोंड उघडलं, तशी ती उठली. म्हणाली, "बिनविरोध नको. मतदान घ्या. पैशाचं काम हाय, कोन माझ्यासंगं हाय नि कोन न्हाय ते मला कळाया पायजे."

मंडळात कधी मतदान झालेलंच नव्हतं. मतपत्रिका कशी करायची, पेटी कुठली, कुणाला काही ठाऊक नाही. शेवटी शाळकरी वहीची पानं फाडली, त्यावर "हो" किंवा "नाही" लिहायचं ठरलं आणि पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. वर्गणी थकलेल्यांनी मत द्यावं का यावर तासभर भांडण झालं. द्यावं असं ठरलं, नाहीतर डबा रिकामाच राहिला असता. ती निवडून आली. तीन चिठ्ठ्या "नाही"च्या निघाल्या. मतदान गुप्त होतं, पण पावत्या फाडताना, सह्या घेताना वाडीतल्या प्रत्येकाचं अक्षर तिने पाहिलेलं. पुढच्या आठवड्यात ती थकबाकी मागायला निघाली, ती आधी त्या तिघांच्याच दारात गेली.